तीन बाजूंनी गुंडाळलेला खांब

एका जंगलात खांबावर टकटक करायला बंदी होती.

का, असं विचारायचं नाही, बाळांनो. विचारायचं नाही, हाही त्या नियमाचाच भाग होता.

जंगलाच्या मधोमध एक दुमजली सभागृह होतं. सिमेंटचं. आदल्या पिढीने माणसांचं बघून बांधलेलं. वर पिल्लांची शाळा भरायची. खाली ज्येष्ठ मंडळी बसायची. मध्ये एक चौकोनी खांब होता आणि सगळा भार त्याच्यावर होता.

खांबाला भेगा पडल्या होत्या. एका कोपऱ्यातून गंजलेली सळई डोकावत होती. म्हणून ज्येष्ठ मंडळी दरवर्षी खांबाचा सत्कार करायची. नारळ ठेवायची, शाल पांघरवायची. शाल बरोबर भेगेवर यायची.

सावनी नावाची सुतारपक्षीण नदीपलीकडच्या कॉलेजात इमारतींचं शिक्षण घेऊन परत आली. आल्या आल्या तिने शाल बाजूला सारली आणि खांबावर चोच मारली.

टक. टक. भद्द.

"ऐकलंत? आतून सुटलाय."

"सुटलेला नाही गं पोरी," अध्यक्ष भालोबा अस्वल लेंगा सावरत म्हणाले. "तो हुंकार देतोय. आमच्या आजोबांनाही द्यायचा."

"काका, पौर्णिमेला स्नेहसंमेलन आहे. वर सगळी पिल्लं एकदम नाचणार."

"नाचू देत की. हलक्या पायांची असतात."

"त्यात हत्तीची जुळी आहेत!"

भालोबांनी विचार केल्यासारखं तोंड केलं. केल्यासारखंच.

सावनीने समजावून सांगितलं. वरून ओझं आलं की खांब बाजूंना फुगू बघतो. फुगला की फुटतो. म्हणून सैल झालेलं सिमेंट काढायचं, सळईचा गंज घासायचा, खड्डे भरायचे. मग फायबरचं कापड राळेने चिकटवून खांबाभोवती घट्ट गुंडाळायचं. कापड खांबाला फुगूच देत नाही.

"कापड?" लांडोरआत्या हसल्या. "मग आम्ही इतकी वर्षं काय घालतोय? शालीच ना? आम्ही करतो ती परंपरा, हिने केलं की इंजिनियरिंग."

"आत्या, शाल पांघरतात. हे आवळायचं असतं."

"पोरीच्या जातीने आवळाआवळीचं बोलू नये."

पण भेगेतून खपली उडून आत्यांच्या चहात पडली आणि परवानगी मिळाली.

मग सावनी म्हणाली, खांबाचे कोपरे घासून गोल करावे लागतील. धारदार कोपऱ्यावर कापड फाटतं.

रेडेमामा ताडकन उठले. "कोपरे गोल? मग मी पाठ कुठे खाजवू?"

"झाडाला."

"झाडाला पाठ खाजवायला मी काय रानटी आहे?"

मामा रानरेडाच होते, पण कोणी बोललं नाही. शेवटी त्यांना दाराची चौकट देण्यात आली.

खरी अडचण पुढेच होती, बाळांनो. खांबाच्या चौथ्या बाजूला संगमरवरी पाटी होती. तिच्यावर या तिघांची नावं कोरलेली होती. उद्घाटनाच्या दिवशी भालोबा नि मामा रांगत होते आणि आत्या अंड्यात होत्या. पण नावं होती.

"पाटी झाकायची नाही," भालोबा म्हणाले. "तीन बाजू गुंडाळ. चौथी सोड. पाऊण काम म्हणजे काही कमी नाही."

"काका, तुमच्या लेंग्याची नाडी तीनच बाजूंनी बांधली तर?"

"चावटपणा नको."

"बरं, पाटी काढून भिंतीवर लावू."

"भिंतीकडे कोण बघतं?"

सावनी चिडली, पण राळ कमी पडत होती, म्हणून ती आणायला नदीपलीकडे गेली. तेवढ्यात मंडळींनी काम उरकून टाकलं. कापड तीनच बाजूंनी लावलं. खालच्या शालीही काढल्या नाहीत, कारण शाल काढणं म्हणजे अपमान. वरून गुलाबी रंग दिला. पाटी धुऊन पुसली.

सावनी परतली तेव्हा पौर्णिमा उजाडली होती. सभागृह गच्च भरलं होतं. तिघे खांबाशेजारी खुर्च्या टाकून बसले होते. वर जिन्याशी पिल्लांची घुंगरं वाजत होती.

"आमच्या सावनीने खांब भक्कम केलाय," भालोबांनी जाहीर केलं. "आजच्या दिवसापुरती बंदी उठवली आहे. तिने टकटक करावी, 'भक्कम' म्हणावं आणि ही शाल घ्यावी. मग नाच सुरू."

सावनी पाटीच्या बाजूला गेली. टक. टक. भद्द.

"म्हण, बाळ," आत्या दातांवर दात ठेवून पुटपुटल्या. लांडोरीला दात नसतात, पण वेळच तशी होती.

"नाही म्हणणार."

"अगं, चारचौघांत काय हे!"

"चारचौघांतच सांगते. हा खांब भक्कम नाही. मी तसं म्हणणार नाही आणि कुणालाही वर नाचू देणार नाही."

"मोठ्यांच्या शब्दाला काही किंमत?" रेडेमामा गरजले.

"आहे ना, मामा. तुम्हीच म्हणा भक्कम. फक्त खुर्च्या अजून जवळ घ्या. तिघांनी खांबाला टेकून बसायचं. नाच संपेपर्यंत उठायचं नाही. मग मी ही शाल घेते आणि तुमच्या पाया पडते."

वर हत्तीच्या जुळ्यांनी हौसेने एक ठेका धरून पाहिला. पाटीवरून थोडी भुकटी सांडली. ती भालोबांच्या लेंग्यावर पडली.

सावनीने जिन्यातून हाक मारली. "उतरा रे! एकेक करून, हळू. जुळ्यांनो, तुम्ही सगळ्यात हळू. नाच मैदानात होणार."

पिल्लं उतरली. सभागृहात एकच आवाज ऐकू येत होता. तीन खुर्च्या फरशीवरून दाराकडे सरकत होत्या.

तात्पर्य: मोठ्यांसमोर कधीही टकटक करू नये. बिचाऱ्यांना या वयात आपापल्या खुर्च्या स्वतः उचलाव्या लागतात.