बॉनेट आणि बैठक

लाल मुठीची पक्कड. हरवून तीन महिने झाले.

बॉनेटवर एक उथळ खड्डा. कधी पडला, कोण जाणे.

सासऱ्यांचा फोन: "निघालोय. बॉनेट उघडून ठेवा. आधी तेल बघेन, मग चहा."

जावयाच्या हातात बॉनेट उघडायचा खटका. हातात म्हणजे अगदी हातातच. गाडीत त्या जागी आता नुसती तार लोंबत होती.

"तोडलास?" बायकोने विचारलं.

"ओढला. तुटला त्याचा तो."

सासऱ्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. स्वतःची गाडी थोरल्या जावयाला दिली ती एका अटीवर: दर खेपेला ते बॉनेट उघडून बघणार, आणि हेळसांड दिसली की गाडी धाकट्या जावयाकडे जाणार. धाकटा जावई चपलासुद्धा पुसून ठेवणाऱ्यांतला. त्यात मागच्या खेपेपासून सासऱ्यांची पक्कड बेपत्ता होती, आणि त्यांच्या मते ती याच घरात जिरली होती.

"आज एक तर बॉनेट उघडेल, नाहीतर मी मिटेन," जावयाने बाह्या सरसावल्या. "तार ओढायला पक्कड दे."

"पक्कड असती तर बाबांनी तीन महिने माझे कान खाल्ले असते का?"

तिने स्वयंपाकघरातून सांडशी आणली. जावई स्टिअरिंगखाली शिरला. पाय दाराबाहेर, डोकं पेडलांशी. तार सांडशीत आली आणि सुटली. पुन्हा आली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने ती मनगटाला गुंडाळून ओढली. बॉनेट जागचं हललं नाही, मनगटावर मात्र बांगडी उमटली.

मग तो गाडीखाली गेला. तिथून त्याला इंजिन दिसलं, बॉनेटचं कुलूप नाही. बाहेर आला तेव्हा ऑफिसचा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता.

"बाबा शर्टही तपासतील," बायको म्हणाली.

"शर्ट माझा आहे!"

आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य उतरले. हातात त्यांचा तो इवलासा आरसा. तो त्यांनी पुढच्या जाळीतून आत घातला, टॉर्च मारला आणि सवयीने म्हणाले, "जरा आ करा."

"तेच तर करत नाहीये ते!"

"कुलपापाशी काहीतरी अडकलंय. दाढेत सुपारी बसावी तसं. नुसतं ओढून उपयोग नाही. एकाने वरून दाबायचं, एकाने तार ओढायची."

बायकोने दाबलं. दंतवैद्यांनी दाबलं. दोघांनी मिळून दाबलं.

"वजन कमी पडतंय," दंतवैद्य धापा टाकत म्हणाले.

"कशाला?" मागून आवाज आला.

सासरे. वजनाला कुठेच कमी नव्हते.

जावई स्टिअरिंगखालूनच म्हणाला, "बाबा, खटका तुटलाय. माझ्याच हातून. पण उघडणार. गाडी न्यायची तर उघडल्यावर न्या."

सासऱ्यांनी पिशवी लेकीच्या हातात दिली, धोतर सावरलं, गाडीकडे पाठ केली आणि मागे न बघता बॉनेटवर बसले. बरोब्बर त्या खड्ड्यात. मापात.

"ओढा, जावईबापू!"

खाडकन आवाज झाला. सासरे टुणकन उतरले. बॉनेट वर गेलं.

कुलपाच्या तोंडाशी, आडवी, लाल मुठीची पक्कड.

दंतवैद्यांना अचानक एक पेशंट आठवला. लेकीने एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे.

सासऱ्यांनी तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. मग पक्कड खिशात घातली.

"तेल व्यवस्थित आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "गाडी राहू दे तुमच्याकडेच. चहा टाक गं."

तीन महिन्यांपूर्वी तेल बघून झाल्यावर बॉनेट लागेना, म्हणून सासरे त्यावर बसले होते.