मजुरी: शून्य

"बाबा, पाय वर घ्या, फ्रीज उघडायचाय."

झिवादिनने पाय वर घेतले. मुलाने सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला, फ्रीजचे दार ढोपराने ढकलले आणि तो गेला. त्याचे लग्न झाल्यापासून वाल्येवो शहरातल्या त्या फ्लॅटची आतली खोली त्याची आणि सुनेची, बाहेरची नातवंडांची. आणि ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरून फ्लॅट घेतला ते झिवादिन आणि विदोसावा स्वयंपाकघरात, घडीच्या पलंगावर. घरात ज्याला भूक लागेल तो यांच्या अंगावरून जाणार.

"मला महाल नको," विदोसावा म्हणायची. "एक खोली, आणि आतून कुलूप लागेल असं एक दार. मी आत, जग बाहेर. मेल्यावर ते सगळ्यांनाच मिळतं. मला थोडं आधी पाहिजे."

शहराबाहेर डोंगरात तिच्या बापाचा जमिनीचा तुकडा होता, त्यावर आलुबुखारची म्हातारी झाडे. झिवादिनने स्लोव्हेनियातल्या एका वास्तुकारिणीकडून छोट्या लाकडी केबिनचे नकाशे विकत मागवले. एक खोली, वर झोपायला माळा, पुढे पडवी. सोबत अगदी स्क्रूपर्यंत सामानाची यादी. झिवादिन निवृत्त होण्याआधी बस आगारात वेळापत्रके बसवायचा, त्यामुळे आकडे दिसले की त्याला स्फुरण चढे. पलंगाची घडी घालून त्याने टेबलावर खर्चाचा अंदाज मांडला. लाकूड, पत्रा, खिडक्या, दोन सुतारांची मजुरी. बेरीज शिलकीच्या जराशी वर गेली. अहो, जराशीच! एक हिवाळा कळ काढली असती तर भागले असते.

पण या गृहस्थाला सल्ला विचारायची हौस. त्याने रातोमिरला बोलावले. रातोमिर त्याचा कूम, म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येते, पण कुमाला नाही म्हणता येत नाही.

रातोमिरने कॉफी प्यायली, राकियाचे, म्हणजे आलुबुखारच्या कडक दारूचे, दोन पेले रिचवले आणि कागदावर बोट ठेवले. "ही मजुरी कसली?"

"सुतारांची."

"सुतारांची? मी मेलो काय? लेका, तुला कूम आहे, चुलतभाऊ आहेत, अख्खा गाव आहे. मोबा घालू! सगळे फुकट राबायला येतील, हातोहात घर उभं राहील. पैसे मोजून माणसं आणलीस तर लोक काय म्हणतील? झिवादिनला जगात कुणी नाही म्हणतील."

त्याने पेन्सिल घेतली, मजुरीवर काट मारली आणि शेजारी भलेमोठे शून्य काढले. बेरीज धाडकन खाली आली. झिवादिनचे डोळे पाणावले.

"आणि ही फुकटची माणसं खाणार काय?" विदोसावाने विचारले.

"घासभर काहीतरी, वहिनी. आपलीच माणसं, जेवायला थोडीच येणार?"

जाता जाता रातोमिरने मोबाइलवर नकाशाच्या एकेका पानाचा फोटो काढला. "सल्ला द्यायचा तर अभ्यास नको?" तो म्हणाला. विदोसावाने वाचलेल्या पैशातून दुसऱ्याच दिवशी दार आणले. ओकचे, चौकटीसकट, पितळी कुलपाचे. भिंती, छप्पर, पाया यांचा पत्ता नाही, पण दार आले. ते तिने डोंगरावर आलुबुखारच्या झाडाला टेकवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले.

पहिल्या शनिवारी सहा जण येणार होते. बावीस आले. मोबा म्हटले की नाही कोण म्हणतो? आधी कॉफी झाली, मग राकिया, मग चीज, अंडी आणि डुकराच्या चरबीत तळलेली पोळी. मग सगळे नकाशाभोवती जमले.

"लाकडाचं?" चुलतभाऊ मिलिसावने नाक मुरडले. "कोंबड्यांचं खुराडं बांधतोयस की घर?"

"नकाशात लाकूडच आहे," झिवादिन म्हणाला.

"नकाशा काढणाऱ्या बाईला येऊन राहायचंय का इथं? काँक्रीट घाल. जोतं असं घाल की तुझ्या पणतवानं नाव काढावं."

"आणि कोपऱ्यांतून सळया वर सोड," रातोमिरने भर घातली. "उद्या पोरगा वर मजला चढवेल."

"पोरगा?" विदोसावा कांदे चिरता चिरता थांबली. "त्याच्यापासून सुटायलाच तर बांधतेय मी हे!"

कोणी ऐकले नाही. बायकांच्या बोलण्याला बांधकामात जागा नसते, ती स्वयंपाकात असते. दुपारी अख्खे कोकरू भाजून झाले, आणि कोकरानंतर वाकून खणणे कुणाच्या पोटाला मानवेना. संध्याकाळी पायाचा खड्डा गुडघ्याएवढा होता आणि हाडांचा ढीग त्याहून उंच.

पुढच्या शनिवारी बावीसचे तीस झाले. बसायला जागा नाही म्हणून मिलिसावने भिंतींसाठी आणलेल्या फळ्या कापून लांबलचक बाके ठोकली. तीही इतकी बेतशीर, की केबिन तशी ठोकली असती तर काम झाले असते. पावसाने सरपण भिजले तेव्हा डुकराच्या जाळाला माळ्याच्या फळ्या घातल्या.

"अरे, त्या माळ्याच्या फळ्या!" झिवादिन ओरडला.

"म्हणूनच तर," रातोमिर म्हणाला. "सुक्या आहेत. अर्धकच्चं डुक्कर खाऊ घालणार होतास का लोकांना?"

घर पाहावे बांधून म्हणतात ते खोटे नाही. पण इथे घर कुठे होते? इथे दर शनिवारी लग्नाची पंगत होती, फक्त नवरा-नवरी नव्हते. विदोसावाने त्या उन्हाळ्यात इतकी भांडी घासली की तिच्या बोटांचे ठसे गेले. "त्या सुतारांना," ती एकदा म्हणाली, "दोन सँडविच पुरली असती." झिवादिनने न ऐकल्यासारखे केले. ऐकले असते तर कुमाला तोंड कसे दाखवणार होता?

जोते झाले तेव्हा तो हुश्श म्हणाला. तेवढ्यात रातोमिरने त्याला बाजूला घेतले. "घर बांधणाऱ्या माणसांना शर्ट द्यायचे असतात, रीतच आहे."

"ते छप्पर चढल्यावर! आढ्याला बांधतात ते."

"छप्पर कधी चढतंय कोण जाणे. लोकांनी किती थांबायचं?"

शर्ट दिले. मग झिवादिनने खिसे चाचपले, बँकेत विचारले, पुन्हा खिसे चाचपले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला होता, आणि कोंबडी अजून अंड्यातच होती. शिल्लक सगळी तीस जणांच्या पोटात गेली. डोंगरावर उरले काँक्रीटचे जोते, चार कोपऱ्यांतून आणि दाराच्या जागेतून वर आलेल्या सळया, आणि झाडाला टेकलेले ते दार. झिवादिनने मोबा थांबवली. गावात लगेच बभ्रा झाला, की झिवादिन मेला चिक्कू, माणसांना घास घालायला जिवावर येते.

सप्टेंबर लागेल त्या सुमारास उतारावर खालच्या अंगाला ठोकाठोक ऐकू येऊ लागली. ती जमीन रातोमिरची. झिवादिन बघायला गेला आणि तिथेच उभा राहिला. एक खोली, वर माळा, पुढे पडवी. सगळे लाकडाचे. नकाशातली खिडकी, नकाशातल्या जागी. दोन सुतार मुकाट्याने काम करत होते, आणि रातोमिर खुर्चीवर बसून कॉफी पीत होता.

"ये, ये! तुझा नकाशा काय नामी निघाला रे! एक स्क्रू जास्त लागला नाही."

"हे सुतार..." झिवादिनने त्यांच्याकडे बोट दाखवले. "पैसे देऊन?"

"मग काय फुकट?"

"मोबा नाही घातलीस?"

"वेडा की काय तू?" रातोमिर मनापासून हसला. "एवढ्या माणसांना जेवू कोण घालणार? तुझं पाहिलं ना मी!" मग त्याने झिवादिनच्या खांद्यावर हात टाकला. "रविवारी आढं चढवतोय. दोघं या. आणि हो, सुतारांसाठी कुमानं आणलेला शर्ट आढ्यावर सगळ्यात वर बांधतात, तेव्हा जरा बरा बघून आण."

झिवादिनने घरी येऊन सांगितले तेव्हा विदोसावा पलंगाची घडी उलगडत होती. ती ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "तूच जा. तुझा कूम आहे."

रविवारी दोघे बसने बरोबरच डोंगरावर गेले. झिवादिन खालीच रातोमिरच्या जमिनीपाशी उतरला. विदोसावा पुढे आपल्या जमिनीकडे गेली. त्याने शर्ट दिला, चांगला, इस्त्रीचा. तो आढ्यावर सगळ्यात वर फडफडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मिलिसाव त्याच्या कानाशी लागला. "बघ, याला म्हणतात नियोजन." झिवादिनने मान डोलावली. नाहीतर काय करणार होता? निघताना रातोमिरच्या बायकोने भाजलेल्या कोकराचे ताट रुमालात बांधून त्याच्या हातात दिले.

तो चढ चढून आपल्या जमिनीवर आला आणि थबकला. जोत्यावर दार उभे होते. नुसते दार. चौकट दोन सळयांच्या मध्ये तारेने घट्ट आवळलेली, प्लास्टिक काढलेले, पितळी कुलूप पुसून लख्ख. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे नाही, वर फक्त आभाळ. पलीकडे मिलिसावच्या एका बाकावर विदोसावा पाठमोरी बसली होती. पायांतले बूट काढून शेजारी नीट ठेवले होते.

दोन पावले बाजूला टाकली असती तर झिवादिन तिच्या शेजारी पोचला असता. त्याने दार ढकलून पाहिले. आतून कुलूप होते. मग त्याने दार वाजवले.

"कोण?"

"मी. कोकरू आणलंय. अजून गरम आहे."

"उंबऱ्यावर ठेव."

त्याने ताट ठेवले. "विदोसावा, उघड ना. मीही आत येतो."



"आज नको," ती म्हणाली. "आज मी घरी एकटी आहे."

झिवादिन सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसला आणि ती दार कधी उघडते याची वाट पाहू लागला.