कबुतरांना नोटीस

मंगळवारी सकाळी कबुतरांनी बोडसांच्या गच्चीवरच्या चार ताटं कुरडया फस्त केल्या, आणि बुधवारी दुपारी सदाशिवराव बोडस वकिलासमोर बसले होते. मधल्या वेळात त्यांनी शेजारच्या द्वारकाप्रसादजींचं दार एकदाही वाजवलं नाही.

कुरडया साध्यासुध्या नव्हत्या. लेकीच्या, अनुयाच्या रुखवतासाठी रमाबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, भल्या पहाटे शिजवून घातल्या होत्या. लग्न नाशकात, तेही महिन्याभरावर. जयपूरचं ऊन असं की कुरडई संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. पण प्रताप नगरातल्या त्या घरांच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे द्वारकाजी वीस वर्षं रोज सकाळी कबुतरांना बाजरी घालत आलेले.

"अहो, जाऊन बोला ना त्यांच्याशी. चांगला माणूस आहे," रमाबाई म्हणाल्या.

"तोंडी काही नसतं, रमा. जे काय असेल ते कागदावर."

विमा कंपनीच्या दावे विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे ब्रीदवाक्य होतं. त्यांनी दूधवाल्याकडून दुधात पाणी नसल्याचं लिहून घेतलं होतं. होणाऱ्या जावयाकडून पसंतीची ईमेल मागवली होती. जावई भला म्हणून त्याने ती पाठवली.

वकील कौशिकजींनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "देखिए बोडस साहब, रास्ते तो बहुत हैं. दावा कर सकते हैं, स्टे माँग सकते हैं. फैसला आने में सालों लग सकते हैं."

"शादी अगले महीने है."

"तो पहले नोटिस, फिर मध्यस्थता. दोनों पक्ष आमने-सामने बैठकर बात कर लेते हैं. वैसे वो काम आप घर पर भी कर सकते हैं, मुफ्त में."

फुकटचा सल्ला सदाशिवरावांना कधीच भरवशाचा वाटला नाही. त्यांनी नोटीसच निवडली. 'आपल्या आश्रयास येणाऱ्या सुमारे दोनशे कबुतरांनी माझ्या अशिलाच्या खाद्यवस्तूंचे हेतुपुरस्सर नुकसान केले' असा तिचा एकूण आशय होता. 'हेतुपुरस्सर' हा शब्द खास सदाशिवरावांचा. दाणे टाकणं ताबडतोब बंद करा, ही मागणी. स्पीड पोस्टाची पोचपावती चार दिवसांत सहीनिशी परत आली. त्यांनी ती फायलीत लावली आणि त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोपले.

पण दाणे काही बंद झाले नाहीत. सकाळी सहाला फिरायला गेलं की समोरच्या बागेतून द्वारकाजींची गच्ची दिसायची. तिथे डोक्यावर पदर घेतलेली कुणी बाई मुठी भरभरून बाजरी फेकत असायची. द्वारकाजींची बायको असणार! सदाशिवराव रोज मोबाइलवर फोटो काढू लागले, खाली तारीख टाकू लागले. बारा दिवसांचे बारा फोटो जमले तेव्हा त्यांनी मध्यस्थीसाठी अर्ज केला.

घरी रमाबाईंनी पुन्हा गहू भिजत घातले होते. "आता बघच," सदाशिवराव म्हणाले, "कायदा काय असतो ते."

"बघते," रमाबाई म्हणाल्या.

मध्यस्थी केंद्रातल्या मॅडम प्रसन्न होत्या. टेबलाच्या एका बाजूला बोडस पतिपत्नी आणि कौशिकजी, दुसऱ्या बाजूला एकटे द्वारकाजी, गुडघ्याला पट्टा बांधलेले.

"मुझे तो कोई नोटिस मिला ही नहीं," द्वारकाजी हात जोडून म्हणाले. "हम दोनों तो तीन हफ्ते से हरिद्वार में थे. कल रात लौटे हैं. यहाँ का फोन भी वहीं आया था."

"साफ झूठ!" सदाशिवरावांनी फाइल उघडली. "ये पोचपावती. ये सही."

मॅडमनी पोचपावती डोळ्यांजवळ धरली. "इस पर तो 'रमा बोडस' लिखा है."

सदाशिवराव हळूच वळले.

"जाताना भाभीजींनी सांगितलं होतं, डाक आली तर घेऊन ठेवा म्हणून," रमाबाई म्हणाल्या. "शेजाऱ्याला एवढं तर करतोच ना आपण. मी घेतली आणि त्यांच्या बाजरीच्या डब्यात ठेवली. आल्यावर आधी तोच उघडतील म्हटलं."

"ते राहू दे! मॅडम, फोटो देखिए, फोटो!"

मॅडमनी मोबाइल घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला. जांभळी साडी, मोहरी रंगाचे काठ. मागच्या दिवाळीला सदाशिवरावांनीच आणलेली आणि पावती अजून जपून ठेवलेली. द्वारकाजींनी फोटोकडे एकदा पाहिलं आणि शहाण्या माणसासारखी नजर गुडघ्याच्या पट्ट्यावर नेली.

"ये कौन हैं?" मॅडमनी विचारलं.

"मैं," रमाबाई म्हणाल्या.

"अगं, पण तू?" सदाशिवरावांचा आवाज चिरकला. "आपल्या कुरडया खाणाऱ्यांना तूच जेवायला घालतेस?"

"त्या मंगळवारी द्वारकाजी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. दाणे पडलेच नाहीत. उपाशी कबुतरं मग आपल्या ताटांवर आली. सहाच्या ठोक्याला पोटभर बाजरी पडली की ती आपल्या गच्चीकडे ढुंकून बघत नाहीत. दुसऱ्या घाण्याच्या दीडशे कुरडया वाळून डब्यात गेल्यासुद्धा. तुम्ही दाणे बंद करायला निघाला होतात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," रमाबाई म्हणाल्या. "पण तोंडीच सांगितलं असतं ना. तोंडी काही नसतं, तुम्हीच म्हणता."

कौशिकजींना जोराचा खोकला आला. सदाशिवरावांना मात्र मनापासून लाज वाटली. माणूस हट्टी होता, खोटा नव्हता. त्यांनी द्वारकाजींसमोर हात जोडले. द्वारकाजींनी ते धरून खाली केले. "बोडसजी, एक आवाज दे देते, बस."

समझोता झाला, आणि अर्थातच कागदावर झाला. द्वारकाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तीन महिने जिना बंद. तोवर रोज सकाळी सहाला दाणे कोण टाकणार, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी अर्जदाराकडे पाहिलं. अर्जदाराने सही केली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच रमाबाईंनी त्यांना हलवून उठवलं. "उठा. कलम दोन."

सदाशिवराव बाजरीचा डबा घेऊन द्वारकाजींच्या गच्चीवर गेले. डब्यात वरच त्यांची नोटीस होती, न फोडलेली. ती त्यांनी खिशात घातली. भिंतीपलीकडे, आपल्या गच्चीवर, रमाबाई तिसऱ्या घाण्याच्या कुरडया घालत होत्या. खालून अंगणातल्या खुर्चीवरून द्वारकाजींची हाक आली, "बोडसजी, कल अमावस है. दुगना डालना होगा. याद रखेंगे?"

लिहून द्या, असं म्हणायला सदाशिवरावांनी तोंड उघडलं. मग त्यांनी रमाबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून कुरडया घालत होत्या, पण हात थांबला होता.

"याद रखूँगा," सदाशिवराव म्हणाले. तोंडीच.