बिनसाखरेचा शीरखुर्मा

परकारचाचांपुढे बिस्किटांची बशी ठेवली तर ते बिस्किटाला हात लावत नाहीत, आधी पुडा मागतात. मग शर्टाच्या खिशातून भिंग काढून पुड्याची मागची बाजू वाचतात. घरच्या पोह्यांना पुडा नसतो, तेव्हा माझ्या सासूबाईंची उलटतपासणी होते.

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या समोरच्या दारात ते आणि चाची राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची सगळी वर्षं जकात नाक्यावर ट्रक तपासण्यात गेली. जकात बंद झाली, चाचा निवृत्त झाले, तपासणी मात्र चालू राहिली. "कागद राहू दे, आत काय आहे ते सांगा," असं पूर्वी ट्रकवाल्यांना म्हणायचे, आता मिठाईवाल्याला म्हणतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक त्यांनी थांबवून ठेवला होता, त्यात जनावराच्या हाडांचं जिलेटिन नाही असं बेकरीवाला फोनवर सांगेपर्यंत. मेणबत्त्या दोनदा लावाव्या लागल्या.

रमजानच्या आधी एका रविवारी ते साखरेऐवजी वापरायच्या गोळ्यांची डबी घेऊन आले.

"बाई, हे हलाल आहे का?"

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. म्हटलं, "चाचा, हे मौलानांना विचारा ना."

"विचारलं. ते म्हणतात, आत काय आहे ते कळल्याशिवाय कसं सांगू? म्हणून तुमच्याकडे आलो."

मी डबी वाचली. गोडवा कारखान्यात तयार झालेला, त्यात जनावराचं काही नाही, दारूचंही नाही. गोळीला आकार यावा म्हणून दुधातली साखर घातलेली. चाचा तिथेच अडले. "दुधातली साखर काढायची तर दूध फाडावं लागतं. फाडायला काय घातलं? वासराच्या पोटातलं रेनेट असतं कधीकधी."

हे त्यांना कुठून कळलं, मी विचारलं नाही. आम्ही कंपनीला फोन लावला.

"सर, आमच्या प्रॉडक्टमध्ये शुगर बिलकुल नाहीये," पलीकडची मुलगी उत्साहाने म्हणाली.

"काय नाही ते नको. आत काय आहे ते सांगा."

तिने फोन साहेबाला दिला, साहेबाने आणखी मोठ्या साहेबाला. चाचा रोज फोन करत राहिले. शेवटी उत्तर आलं: दूध फाडायला प्राणिज काहीही वापरत नाहीत. चाचा तसेच मौलानांकडे गेले आणि हसत परत आले. "म्हणाले, हलाल आहे. आणि वर म्हणाले, परकार, नुसत्या शंकेने वस्तू हराम होत नाही."

"झालं तर मग. आता चहात घाला."

"मी कशाला? मला कुठे डायबेटीस आहे?"

मग सांगितलं. कल्याणला धाकटा भाऊ असतो, यासीन. त्याची साखर वाढली आणि गोड बंद झालं. सुनेने अशाच गोळ्या आणल्या होत्या, पण आत काय आहे ते माहीत नाही म्हणून तो त्यांना शिवला नाही. तेव्हापासून ईदला येणंच सोडलं. म्हणतो, सगळे खाणार, मी काय नुसता बघत बसू?

"अब्बा गेले तेव्हा तो लहान होता," चाचा म्हणाले. "ईदच्या शीरखुर्म्याची पहिली वाटी मीच द्यायचो त्याला. त्याने खाल्ल्याशिवाय मी खात नसे."

ईदला त्यांनी मलाही बोलावलं. चाचींनी यासीनभाईंसाठी वेगळं पातेलं चढवलं होतं. त्यात गोळ्या घातल्या होत्या, खारीक नावापुरतीच होती. यासीनभाई आले. हडकुळे, अबोल गृहस्थ. दाराजवळच्याच खुर्चीवर बसले. चाचांनी वाटी त्यांच्या हातात दिली आणि घाईघाईने सुरुवात केली, "साखर नाही यात. मौलानांना विचारलंय, कंपनीलाही विचारलंय, ते दूध आहे ना, ते फाडताना..."

यासीनभाईंनी तोवर पहिला चमचा तोंडात घातलासुद्धा.

"अरे, ऐक तरी."

"तुम्ही दिलंत ना, भाई," ते म्हणाले आणि खात राहिले.

भाऊ वाटीचा तळ खरवडेपर्यंत चाचा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या वाटीतल्या दुधावर साय धरली होती.

"गोड जरा कमी झालंय," यासीनभाई म्हणाले आणि वाटी पुन्हा पुढे केली.