दोन सूत कमी

गांगुर्डेमामांकडे चहा प्यायचा, तर आधी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहावं लागे. मामा डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या टेकवत, पेन्सिलीनं रेघ ओढत, गेल्या वर्षीच्या रेघेशी ताडून बघत आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकत, "बाई, दोन सूत कमी! पाव इंच गेला! हाडं पोकळ व्हायला लागली तुमची!"

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट, नाशिकरोडची. मी शाळेत बाई होते. वर्गभर पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची, पण त्या चौकटीपाशी माझीच बोबडी वळायची. मामा ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. रिटायर झाले तेव्हा मोजायला विमानं उरली नाहीत, म्हणून आम्ही सापडलो.

"पोरांची उंची कसली मोजता? ती वाढणारच, त्यात काय डोंबलाचं कौतुक! मोजायची ती म्हाताऱ्यांची. माणूस झिजतो, बाई. ताठ! ताठ उभ्या राहा!"

शेजारच्या पाटीलकाकांनी एकदा केसांचा कोंबडा काढून उंची वाढवायचा प्रयत्न केला. मामांनी गुण्या असा दाबला की काका कळवळले. वर शिक्षा म्हणून महिनाभर नाचणीची भाकरी आणि सकाळचं ऊन. पेठहून नाचणीचं पोतं आणून मामा घरोघर वाटत आणि खाल्ली की नाही हे बघायला जेवणाच्या वेळेला हजर होत. असला छळ सख्ख्या सासूनंही केला नसता.

सगळ्या कॉलनीच्या रेघा त्या चौकटीवर होत्या. फक्त मामींची नव्हती. विचारलं तर मामा म्हणत, "तिला कुठे वेळ!"

मामी वणीकडच्या, चांगल्या उंच. मामा जेमतेम त्यांच्या कानापर्यंत पोचत. लग्नात हार घालताना मामांना टाचा उंचवाव्या लागल्या होत्या, हे मामी आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःच खो खो हसत. आणि आम्हाला 'ताठ' म्हणून ओरडणारा हा माणूस मामी जवळ आल्या की चक्क पोक काढी. मी टोमणे मारून थकले.

एका पौर्णिमेला मामी विहारात गेल्या होत्या. मी नाचणीचा रिकामा डबा परत द्यायला गेले, तर मामा स्टुलावर उभे. बुद्धमूर्तीची फळी चार बोटं खाली ठोकत होते. वरच्या जुन्या खिळ्यांच्या भोकांत चुना भरलेला.

"अहो, दिवाळीतच तर ठोकली होतीत ना?"

मामा स्टुलावरून उतरले. आवाज कधी नव्हे तो खाली.

"मणके दबलेत तिचे. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला मला. मेणबत्ती लावायला हात पुरेना झाला, बाई. फळी खाली घेतली की पुरतो. कपड्यांची दोरीसुद्धा घेतली खाली."

"आणि मामींना माहीत नाही?"

"औषध घेते, नाचणी खाते. पाठ दुखते एवढंच माहीत आहे. पण उंचीचा भारी तोरा आहे हो तिला. तेवढा राहू दे. कुठे बोलू नका."

तेवढ्यात मामी आल्या. "जयभीम बाई, बसा की!" म्हणत त्यांनी फळीवर मेणबत्ती लावली. हात बरोबर पुरला. मग नवऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या टकलाकडे वरून बघत हसल्या.

"बघा बाई! सगळ्या कॉलनीला ताठ करणारा माणूस घरात रोज बुटका होत चाललाय. अहो, ताठ!"

मी सहज खाली पाहिलं. ढगळ पायजम्यात मामांनी दोन्ही गुडघे वाकवले होते.

"वय झालं गं," मामा म्हणाले, आणि आणखी दोन सूत खाली गेले.