पाहुण्यांच्या बाजूची खुर्ची

फुटबॉलच्या सामन्याचे मध्यंतर झाले की आमचे शेजारी देवरावजी कळंबे आपल्या खुर्चीतून उठतात आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसतात. उरलेला सामना ते तिथूनच पाहतात. त्यांच्या बैठकीची खिडकी आमच्या गच्चीसमोर असल्याने हा प्रकार मी स्वतः पाहिलेला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही, अशांनी त्यावर जी मते बनवली आहेत, त्यांचा समाचार आधी घेतो.

पहिले मत, त्यांना मूळव्याध आहे. देवरावजी पहिले सत्र लोखंडी घडीच्या खुर्चीत बसतात आणि मग वेताच्या खुर्चीत जातात, हे खरे. पण मूळव्याध असलेला माणूस घरात वेताची खुर्ची असताना मध्यंतरापर्यंत लोखंडीवर बसेलच कशाला? दुसरे मत, त्यांना कूलरचे वारे सोसत नाही. त्यांचा कूलर गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. तिसरे मत वास्तुशास्त्राचे. ते आमच्या कॉलनीचे सचिव राजूरकर यांचे आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

माझी सारी नोकरी न्यायालयात, लोकांच्या साक्षी उतरवून घेण्यात गेली. मी शिरस्तेदार होतो. देवरावजी मात्र मला 'वकीलसाहेब' म्हणतात. मी दर खेपेला दुरुस्ती करतो. ते दर खेपेला "बरं बरं, वकीलसाहेब" म्हणून ती मान्य करतात.

देवरावजी मूळचे खाप्याचे. कन्हानच्या काठी त्यांची शेती होती. आता पुतणे पाहतात. स्वतः ते नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी लग्न केले नाही. का केले नाही याविषयी कॉलनीत तीन मते आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. त्यांच्यासोबत त्यांची थोरली बहीण राहत असे. तिला ते बाई म्हणत, म्हणून सारी कॉलनी बाई म्हणे. वैधव्य आल्यावर ती खाप्याहून भावाकडे आली ती कायमची. दोन वर्षांपूर्वी ती वारली.

देवरावजींना फुटबॉलचे वेड आहे, असे सांगितले जाते. हेही अर्धवट विधान आहे. त्यांना फक्त मैत्रीपूर्ण सामन्यांचे वेड आहे. विश्वचषक ते पाहत नाहीत. सारी कॉलनी पहाटेपर्यंत जागत होती, तेव्हा हा गृहस्थ साडेनऊला दिवा मालवून झोपत असे. मी कारण विचारले.

"त्याच्यात हारलेला घरी जाते जी," ते म्हणाले. "पोट्टे रडत रडत विमानात बसतात. मले नाई पाहवत. मैत्रीच्या सामन्यात कसं, हारला तरी परवा पुन्हा खेळाले उभा."

'मैत्रीचा सामना आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडी इतके बसले आहे की फुटबॉलशी त्याचा संबंध उरलेला नाही. एकदा त्यांची स्कूटर एका ऑटोवर जाऊन आदळली. ऑटोवाला हिंदीतून त्यांच्या पूर्वजांपर्यंत पोहोचला होता. देवरावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे गा, मैत्रीचा सामना आहे." ऑटोवाला इतका गोंधळला की त्याने यांची स्कूटर उचलून दिली. भाजीवालीने वांगी जुनी दिली तरी हेच वाक्य. कॉलनीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन सभासद एकमेकांच्या कॉलरपर्यंत गेले, तेव्हाही हेच. सामना सुरू होण्यापूर्वी ते घरातल्या घरात कॅनव्हासचे बूट घालतात आणि दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांना ताठ उभे राहतात. एकदा त्या वेळी मी तिथे होतो. मलाही उभे राहावे लागले. ज्या देशासाठी उभा राहिलो, तो कुठे आहे हे मला आजही ठाऊक नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

यंदा आपल्या देशात चार राष्ट्रीय संघांची एक मैत्रीपूर्ण स्पर्धा भरली. राजूरकरांनी नुकताच कॉलनीच्या सभागृहासाठी प्रोजेक्टर घेतला होता आणि तो कशासाठी घेतला, असे लोक विचारू लागले होते. म्हणून त्यांनी भारताचे सामने सभागृहात दाखवायचे ठरवले. पहिलाच सामना दूरच्या समुद्रातल्या एका बेटांच्या देशाशी होता. त्याचे नाव सांगत नाही. तुम्हाला नकाशा शोधावा लागेल.

सभागृहात वाटेच्या डाव्या बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. सारे तिथे बसले. उजव्या बाजूला नुसती खुर्च्यांची चळत होती. देवरावजी कॅनव्हासचे बूट घालून, शेंगदाण्याची पुडी घेऊन आले आणि आमच्यात बसले. भारताने गोल केला तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर इतक्या जोराने थाप मारली की ती दुसऱ्या दिवशीही जाणवत होती. मध्यंतर झाले. देवरावजी उठले, चळतीतून एक खुर्ची काढली आणि उजव्या बाजूला एकटेच जाऊन बसले.

"कळंबेजी, तिकडे काय करून राहिले?" राजूरकर ओरडले. "इकडं या ना!"

"आता इकडंच बरा आहे गा."

सामना संपता संपता बेटवाल्यांनी बरोबरी साधली. सभागृह सुन्न झाले. त्या शांततेत उजव्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या.

"अहो, आपल्यावर गोल झाला ना!" राजूरकर पुन्हा ओरडले.

"दिसला मले. मस्त मारला पोट्ट्यानं."

"मंग टाळ्या काहून वाजवून राहिले?"

"मैत्रीचा सामना आहे गा!"

त्या रात्री कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर जी हकीकत फिरली, ती अशी: कळंबे सुरुवातीपासून परक्यांच्या बाजूने होते, बरोबरी होताच नाचले आणि त्यांनी पेढे वाटले. मी त्या सामन्याला हजर होतो. ते पहिले पूर्ण सत्र आपल्या बाजूने होते. माझी मांडी साक्षीला आहे. नाचले नाहीत, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. पेढे नव्हते, शेंगदाणे होते. तेही पहिल्या सत्रात वाटले गेले आणि त्यांतले निम्मे राजूरकरांनीच खाल्ले. हे सर्व मी गटावर लिहिले. उत्तरादाखल कुणीतरी हात जोडल्याचे चित्र पाठवले.

पुढे दोन्ही संघ अंतिम सामन्याला मुकले आणि तिसऱ्या क्रमांकासाठी भारताची गाठ पुन्हा त्याच बेटवाल्यांशी पडली. राजूरकरांनी नियम काढला: जो सभागृहात येईल, त्याने शेवटपर्यंत आपल्याच बाजूला बसावे. आम्ही तिघे फाटकाशी उभे असताना त्यांनी तो देवरावजींना तोंडी ऐकवला.

"मंग माह्यानं येनं नाई होत गा," देवरावजी शांतपणे म्हणाले आणि पिशवी सावरून घराकडे निघाले.

मी त्यांच्यासोबत चालू लागलो. "तुमच्या घरी टीव्ही आहे. सभागृहाची एवढी मातब्बरी कशाला?"

"टीवी आहे जी. पण गोल झाला तं सांगू कोनाले?"

दूध आले नाही, हे सांगावे तशा सुरात त्यांनी हे सांगितले. मी परत फिरून राजूरकरांशी अर्धा तास वाद घातला. ते मानले नाहीत. मीही मानलो नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याला मी सभागृहात गेलो नाही. पुढच्या रांगेतली खुर्ची मिळाली नाही म्हणून मी रुसलो, असे जे म्हटले जाते, ते धादांत खोटे आहे. मी देवरावजींकडे गेलो होतो.

ते बूट घालून तयार होते. टीव्हीसमोर दोन्ही खुर्च्या होत्या. मी वेताच्या खुर्चीत बसलो.

"तिथं बसले तं पाव्हण्यायच्या बाजूनं बोला लागन, वकीलसाहेब."

"शिरस्तेदार."

"बरं बरं. पन बोला लागन."

दुसऱ्याची बाजू लढवणे मला कधी जड गेले नाही. दहा मिनिटांत मी बेटवाल्यांसाठी पंचाशी भांडत होतो. त्यांनी गोल केला तेव्हा मी उभा राहिलो होतो, असे देवरावजी सांगतात. ते मात्र खरे आहे. मध्यंतराला माझा संघ एका गोलने पुढे होता.

देवरावजी लोखंडी खुर्चीतून उठले. "उठा."

"का म्हणून? माझा संघ पुढे आहे."

"मैदानात पोट्टे बाजू बदलतात, तं आपनबी बदलाची."

"हा नियम कुणी केला? मला मान्य नाही."

"मलेबी नोता," ते म्हणाले. "बाई म्हने, येवढ्या दुरून पाव्हने आले, घरातलं एक जन तरी त्यायच्या बाजूनं बसाच लागते. मी म्हनलं, मंग तू बस. बसली. चांगली खुर्चीबी त्यायलेच दे म्हने, पाव्हने आहे. अन् हाफ टाईमले उठून उभी राह्यली. 'आता तू ये इथं. मी का सारा वेळ परक्यायचीच राहू? मलेबी आपल्या बाजूनं बसू दे ना गा.'"

मी बसूनच होतो. "म्हणजे सभागृहात तुम्ही..."

"माही पाळी होती जी. दुसऱ्या हाफले मी पाव्हण्यायचा, अन् बाई आपली." त्यांनी बुटाची नाडी उगाच पुन्हा बांधली. "बाई नाई, हे मले समजते. पन तिकडं तुम्ही येवढे जन होते. इकडं कोन होतं?"

मी उठलो आणि लोखंडी खुर्चीत जाऊन बसलो. ती खरोखरच गैरसोयीची आहे.

दुसरे सत्र सुरू झाले. आता मी आपल्या बाजूचा होतो आणि पाहुण्यांचे सगळे दोष मला स्पष्ट दिसू लागले. ते मी मोठ्याने सांगितले. देवरावजींनी प्रत्येक मुद्दा खोडून काढला. शेवटी शेवटी आपल्या एका पोराने कोपऱ्यातून आलेला चेंडू डोक्याने आत घातला. सभागृहाकडून आरडाओरडा ऐकू आला. मी दोन्ही हात वर केले.

देवरावजी वेताच्या खुर्चीत मागे टेकले. त्यांचे डोळे पडद्यावरच होते. हार मानलेल्या पण कुरकुर नसलेल्या आवाजात ते म्हणाले, "झाला ना बाई तुहा गोल! आता तरी गप बस."

मी त्यांची दुरुस्ती केली नाही. गप्प बसलो.