दारू मोजायचा काटा

मोजमापात मला चूक खपत नाही. रेवाच्या दुधाची पावडरसुद्धा मी चमचा सुरीने सपाट करून घालते. उगाच नाही माझी सहा महिन्यांची लेक इतकी गुटगुटीत! (आत्ता मांडीवर झोपलीय, म्हणून एका हाताने लिहितेय.) तेव्हा माझा नवरा विक्रांत नेमबाजीच्या क्लबातला बिघडलेला काटा इथे परदेशात, ल्यूकनच्या आमच्या किचनमध्ये घेऊन आला, तशी मी म्हटलं, "तू जा ऑफिसला. याला मी सरळ करते."

काडतुसात भरायची दारू या काट्यावर तोलतात. दारू क्लबातच असते, घरी आला तो नुसता काटा. स्वभावाने माझ्या आत्यासारखा. कुणी जवळून शिंकलं तरी बिनसतं.

दोष सापडल्यावर मी विक्रांतला फोन लावला. "तुम्ही हा खिडकीपाशी ठेवत असणार. वाऱ्याने आकडा हलतो, मग दारू जास्त पडते. आधी ठरलेलं वजन ठेवून तपास, मगच भर."

फोन ठेवला तर दारात सासूबाई, कडेवर रेवा. सोमवारपासून माझी नोकरी परत सुरू, क्रेशमध्ये जागा नाही, म्हणून त्या मुद्दाम नागपूरहून आलेल्या.

"विक्रांत दारू भरून राहिला?" त्यांनी हळू विचारलं.

"हो ना आई. दर शनिवारी, क्लबात." माझं लक्ष काट्यावर.

"संध्याकाळी?"

"सकाळीच. तेव्हा हात थरथरत नाही."

"अन् तू मोजून देतेस?"

"मोजायलाच हवी. जास्त झाली की स्फोट."

"माझ्या दिराचा तसाच झाला," म्हणत त्या वर गेल्या.

थोड्या वेळाने बॅगेची चेन ऐकू आली. मी धावले. साड्यांवर रेवाची झबली रचलेली!

"मी लेकराला घेऊन चालली नागपूरला. तुम्ही बसा मोजत."

रेवा त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसत होती. मग एकदम उजेड पडला. मोबाईलवर काडतुसाचा फोटो शोधून मी त्यांच्यापुढे धरला. "आई, ही दारू. बंदुकीतली. तो कागदावर नेम मारतो फक्त."

त्यांनी फोटो मोठा करून बघितला, मग पलंगावर बसल्या. झबली एकेक करून बाहेर निघाली.

"राहते मी. पण यांना फोन करून बसली ना मघाशी. थांब, सांगते."

सासऱ्यांना स्पीकरवर घेतलं.

"अहो, ऐकता का? दारू नाही. गोळ्या आहेत. शनिवारी क्लबात सगळे मिळून करतात."



"त्याला घरातच ठेव," सासरे म्हणाले. "मी माझ्या व्हिसाचं बघतो."